दुखत नसताना धमन्या तपासायच्या का?

माझी ताई पुण्यात हृदयरोगतज्ज्ञ आहे. मामा सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी फॅमिली डॉक्टर. काही घरांत त्यांनी आजोबा, मुलगा आणि नातू अशा तिघांचेही रक्तदाब मोजले आहेत. एका प्रश्नावर मात्र या दोघांचं कधी जमत नाही: ज्याला काहीच त्रास नाही, अशा माणसाच्या धमन्यांत आजार लपलाय का हे शोधायला जावं का? हा वाद घरात पुष्कळदा सुरू झाला आणि जेवणाची पानं वाढली की अर्धवट राहिला. या खेपेला निमित्त पक्कं होतं. आमचा मावसभाऊ, वय ४९, बँकेत अधिकारी. त्याच्या ऑफिसात एका तपासणी केंद्राचं पत्रक आलं होतं: ट्रेडमिल टेस्ट, मानेच्या रक्तवाहिन्यांचं डॉपलर आणि सीटी स्कॅनवरचा कॅल्शियम स्कोअर, सगळं एका पॅकेजमध्ये, सवलतीत. त्याच्या वडिलांना ५४ व्या वर्षी झटका आला होता. तो स्वतः सिगारेट ओढत नाही, तंबाखू खात नाही. साखर नॉर्मल, रक्तदाब १३८/८८, एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल १४२. 'करून घेऊ का?' एवढंच त्यानं विचारलं. त्यावरचं बोलणं त्याच्या संमतीनं इथे देतो आहे, आणि जिथे मला राहवलं नाही तिथे मीही मधे बोललो आहे.

ताई : सगळं पॅकेज नको. त्यातलं एकच कर, कॅल्शियम स्कोअर.

मामा : तेही नको. दोन जिने चढून आला तरी याला धाप लागत नाही, छातीत जड होत नाही. याला सीटीच्या मशीनमध्ये घालायचं कशाला?

ताई : कारण या आजाराचं पहिलं लक्षण पुष्कळांच्या बाबतीत थेट झटकाच असतो. आणि आपल्या लोकांना तो लवकर येतो, मामा. ५२ देशांतल्या 'इंटरहार्ट' अभ्यासात दक्षिण आशियातल्या माणसांचं पहिल्या झटक्याचं सरासरी वय ५३ निघालं. बाकीच्या देशांत ते ५९ च्या आसपास होतं. याचे वडील ५४ व्या वर्षी, हा आज ४९. लक्षणांची वाट बघायला याच्याकडे किती वेळ आहे?

मामा : वाट बघ असं मी म्हटलंच नाही. अगं, याचा रक्तदाब समोर आहे, एलडीएल समोर आहे, वडिलांचं वय माहीत आहे. काय करायचं ते मला इथे खुर्चीत बसून दिसतंय. फोटो काढून त्यात कसली भर पडणार?

ताई : भर पडते. वय, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांवरून आपण जो धोका काढतो तो हजारो माणसांची सरासरी असतो. सारखेच आकडे असलेले दोघं घ्या. एकाच्या धमन्या कोऱ्या असतात, दुसऱ्याच्या जागोजागी कडक झालेल्या. आर्थर अ‍ॅगॅट्स्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली मायामीत ही मोजणी मांडली ती याचसाठी. सरासरीवरून याच्या धमनीचा अंदाज बांधण्यापेक्षा याचीच धमनी बघायची.

ही तपासणी होते कशी, हे वाचकांना सांगायला हवं, कारण 'सीटी' म्हटलं की लोक इंजेक्शन आणि उपाशीपोटी थांबणं धरून चालतात. इथे तसं काही नसतं. छातीवर ईसीजीच्या दोन-तीन चकत्या लावतात, माणूस उताणा झोपतो, टेबल गोल यंत्रात सरकतं आणि 'श्वास धरा' अशी सूचना येते. दहाएक सेकंदांत काम झालेलं असतं. बाहेरच्या पडद्यावर करड्या रंगाचं हृदय दिसतं आणि धमन्यांच्या वाटेवर, असलेच तर, पांढरे ठिपके. डावीकडे पुढून उतरणारी जी मोठी धमनी असते तिच्यावर ते बऱ्याचदा आधी दिसतात. विशिष्ट घनतेच्या वरचा प्रत्येक ठिपका संगणक मोजतो, त्याच्या क्षेत्रफळाला घनतेप्रमाणे १ ते ४ नं गुणतो आणि सगळ्यांची बेरीज करतो. हाच स्कोअर. शून्य म्हणजे कॅल्शियम दिसलं नाही, १०० च्या वर म्हणजे लक्षणीय, ४०० च्या वर म्हणजे फार. किरणोत्सर्ग साधारण १ मिलिसिव्हर्ट, म्हणजे निसर्गातून आपल्याला वर्षभरात मिळतो त्याच्या निम्म्याहून कमी.

मामा : तू पांढरे ठिपके मोजतेस, पण माणूस मरतो तो बऱ्याचदा धमनीच्या भिंतीतल्या, न दिसणाऱ्या मऊ चरबीच्या थरामुळे. तो फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि काही मिनिटांत धमनी बंद. कॅल्शियम त्या थरात मागाहून येतं. शून्य स्कोअर घेऊन घरी गेलेल्या माणसाला तू काय सांगणार, काही नाही म्हणून?

ताई : 'काही नाही' असं कधीच सांगत नाही. स्वीडनमध्ये 'स्कापिस' नावाचा मोठा अभ्यास झाला. ५० ते ६४ वयाच्या, हृदयविकार माहीत नसलेल्या २५,००० हून अधिक माणसांच्या धमन्यांची सीटी अँजिओग्राफी केली, म्हणजे इंजेक्शन देऊन काढायची सीटी. ज्यांचा कॅल्शियम स्कोअर शून्य होता, त्यांच्यातल्या ५.५ टक्के लोकांत तरीही थर सापडला. म्हणजे शून्य ही हमी नाही. पण पुढच्या काही वर्षांत झटका येण्याची शक्यता त्या माणसांत बरीच कमी असते, हे अनेक अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय. आणि जिथे कॅल्शियम भरपूर, तिथे मऊ थरही आलाच. म्हणून मोजणी कॅल्शियमची असली तरी अंदाज सगळ्या आजाराचा येतो.

मामा : त्याच स्वीडनच्या अभ्यासाचा दुसरा आकडा सांग की. एकूण किती जणांत थर सापडला?

ताई : ४२ टक्के.

मामा : आणि धमनी निम्म्याहून जास्त अरुंद झालेली?

ताई : ५ टक्क्यांच्या जरा वर.

मामा : म्हणजे धडधाकट हिंडणाऱ्या १०० माणसांतली ४२ माणसं सकाळी घरून निघाली आणि संध्याकाळी हृदयरोगी होऊन परत आली. त्यांचं आपल्याकडे पुढे काय होतं ते मी रोज बघतो. प्लास्टिकच्या पिशवीत फाइल घेऊन येतात. त्यात सीटीचा रिपोर्ट, मग ट्रेडमिल, मग अँजिओग्राफी, मग एक स्टेंट. आधी छातीत दुखत होतं का विचारलं तर म्हणतात, नाही हो डॉक्टर, पण तिथे म्हणाले केव्हाही झटका येईल. त्या एका वाक्यावर शेत गहाण पडलेलं मी पाहिलंय. २०१७ साली सरकारनं स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली, चांगलं केलं. पण जो स्टेंट घालायलाच नको होता तो स्वस्त मिळाला म्हणून काय झालं?

इथे ताई गप्प राहिली. तिला उत्तर नव्हतं असं नाही. तिचं उत्तर मामांच्याच बाजूचं होतं.

ताई : मामा, यात माझं तुमच्याशी भांडणच नाही. स्थिर आजारात स्टेंट घालून आयुष्य वाढत नाही की झटके टळत नाहीत, हे 'करेज' चाचणीनं २००७ साली २,२८७ रुग्णांवर दाखवलं. मग 'इस्किमिया' चाचणी झाली, ५,१७९ रुग्णांची, आणि तीही तेच सांगून गेली. स्टेंटनं छातीतलं दुखणं कमी होतं. ज्याचं दुखतच नाही त्याचं काय कमी करणार? डाव्या बाजूच्या मुख्य धमनीचं तोंडच अरुंद असेल तर गोष्ट वेगळी. असे रुग्ण त्या चाचणीत नव्हते. पण कॅल्शियम स्कोअर वाढला म्हणून अँजिओग्राफी, हे मी करत नाही आणि कुणी करू नये. स्कोअर बघून मी कोलेस्टेरॉलची गोळी लिहिते.

मामा : तू लिहितेस. बाकीचे?

मला वाटतं, या वादाचं मर्म या तीन शब्दांत आहे. तपासणी चांगली की वाईट हा प्रश्न सीटीच्या खोलीत सुटत नाही. तो त्यानंतरच्या महिन्यात सुटतो. दक्षिण कोरियातला एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. लक्षणं नसलेल्या १,००० जणांची सीटी अँजिओग्राफी केली होती आणि त्यांची तुलना तशाच, पण ही तपासणी न झालेल्या १,००० जणांशी केली होती. दीड वर्षात तपासलेल्या गटात औषधं वाढली, पुढच्या तपासण्या वाढल्या, अँजिओप्लास्टी आणि बायपास वाढले. झटक्यांत फरक नव्हता. तिथेही चित्र खरंच होतं. माणसांनी त्या चित्राचं जे केलं त्यातून फायदा निघाला नाही.

त्यात आपल्या डोक्यातली एक जुनी समजूत भर घालते. नळात गंज धरतो, पाणी बारीक होतं, प्लंबर बोलावला की सुटलं, असं आपण धमनीबद्दल धरून चालतो. शिकागोच्या सीमोर ग्लॅगॉव्ह यांनी १९८७ साली शवविच्छेदनातल्या धमन्या मोजून दाखवलं की थर साचू लागला की धमनी आधी बाहेरच्या बाजूनं फुगते. धमनीच्या छेदाचा साधारण ४० टक्के भाग थरानं व्यापेपर्यंत आतली वाट फारशी अरुंद होत नाही. म्हणजे आजार भिंतीचा आहे, सगळ्या धमन्यांच्या भिंतींचा. एका ठिकाणी जाळी बसवून तो आवरत नाही. तो आवरतो रक्तातलं कोलेस्टेरॉल उतरवून, रक्तदाब आटोक्यात ठेवून, तंबाखू सोडून. ट्रेडमिल टेस्ट चांगली आली आणि पुढे काही आठवड्यांत झटका आला, असं का होतं याचं उत्तरही इथेच आहे. ट्रेडमिल वाट अरुंद झाली की नाही ते सांगते. भिंतीबद्दल ती बोलत नाही.

मामा : मला एकच सांग. अशी तपासणी सरसकट केली तर माणसं वाचतात का? फोटो सुंदर येतो, अंदाज अचूक येतो, हे पुष्कळ ऐकलं. मरायची माणसं जगली का?

ताई : डेन्मार्कनं ते मोठ्या प्रमाणावर करून बघितलं. 'डॅनकाव्हास' चाचणी, २०२२ साली निकाल आला. ६५ ते ७४ वयाचे ४६,००० हून अधिक पुरुष. त्यातल्या १६,७३६ जणांना तपासणीचं बोलावणं गेलं: सीटी, पायाच्या आणि हाताच्या रक्तदाबाची तुलना, हृदयाच्या ठोक्यांची लय, साखर, कोलेस्टेरॉल. साधारण साडेपाच वर्षांनी बोलावलेल्यांत १२.६ टक्के मृत्यू, न बोलावलेल्यांत १३.१ टक्के.

मामा : अर्धा टक्का. आणि तोही संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही.

ताई : थोडक्यात हुकला. पण बोलावलेल्यांतले ६३ टक्केच आले होते, हेही धरा. आणि ६५ ते ६९ वयाच्या गटात मृत्यू ११ टक्क्यांनी कमी होते. सत्तरीच्या पुढे काहीच फरक नव्हता. म्हणजे लवकर बघितलं तर उपयोग.

मामा : निकाल हवा तसा आला नाही की त्याचे तुकडे करून एखादा बरा तुकडा दाखवायचा, ही सवय आपल्या धंद्याला आहे. त्या ६५ ते ६९ च्या गटावर नव्यानं चाचणी करा, मग मी मानेन. शिवाय त्यांनी इतक्या गोष्टी एकदम तपासल्या. फायदा झाला असेल तर तो सीटीनं झाला की नुसता रक्तदाब मोजून गोळी दिल्यानं, कोण सांगणार? आणि ते डेन्मार्कचे पासष्टीचे पुरुष, हा आपला एकोणपन्नाशीचा बँकेतला माणूस.

ताई : हे मला मान्य आहे. आपल्या माणसांवर अशी चाचणी झालेली नाही. कॅल्शियम स्कोअरची बरीच कोष्टकं ज्या अमेरिकन 'मेसा' अभ्यासावर उभी आहेत त्यात ६,८१४ माणसं होती, गोरे, कृष्णवर्णीय, लॅटिनो, चिनी. दक्षिण आशियाई एकही नाही. म्हणून २०१० पासून सॅन फ्रान्सिस्को आणि शिकागोमध्ये 'मसाला' अभ्यास सुरू झाला, तिथे राहणाऱ्या आपल्याच लोकांचा. त्यात आपल्या पुरुषांच्या धमन्यांत गोऱ्या पुरुषांइतकंच कॅल्शियम दिसलं आणि बाकी गटांहून जास्त. पण ती अमेरिकेत स्थिरावलेली, बहुतेक शिकलेली माणसं. कराडच्या भाजीवाल्याचं काय, ते त्यातून कळत नाही.

मामा : मग मी कराडच्या भाजीवाल्याबद्दल बोलतो. आयसीएमआरच्या देशभरच्या पाहणीचा आकडा २०२३ साली आला: ३५.५ टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब. केंद्र आणि राज्यांनी मिळून रक्तदाबाचा जो कार्यक्रम काढला त्याच्या पहिल्या टप्प्यातल्या जिल्ह्यांत आपला सातारा होता. त्यात काय केलं? प्राथमिक आरोग्य केंद्रात चांगलं यंत्र ठेवलं, औषधांचा ठरलेला क्रम लिहून दिला, महिन्याच्या गोळ्या एकदम दिल्या, आणि जो आला नाही त्याला फोन केला. एवढंच. या चार साध्या गोष्टींनी जितके झटके आणि पक्षाघात टळतील तितके तुझ्या सगळ्या स्कॅनरांनी टळायचे नाहीत. आमच्याकडे मंगल कार्यालयात हृदय तपासणी शिबिर भरतं. पडद्यामागे ईसीजी काढतात, बाहेर पत्रकं वाटतात. १६०/१०० रक्तदाब निघालेल्या बाईला 'पुण्याला येऊन टुडी इको करा' म्हणतात. तिला त्याच टेबलावर गोळी का मिळत नाही?

मामांचा आवाज इथे चढला होता. मला ते रास्त वाटलं. २०२१ च्या ऑक्टोबरात कन्नड अभिनेते पुनीत राजकुमार ४६ व्या वर्षी गेले तेव्हा बंगळुरूच्या जयदेव हृदयरोग संस्थेत तपासणीसाठी गर्दी उसळली होती. भीती माणसाला तपासणीपर्यंत नेते; त्यानंतर वर्षानुवर्षं गोळी घेण्यापर्यंत ती पुरत नाही. ताईनं नेमका हाच धागा धरला.

ताई : तुमच्याकडे रक्तदाबाची गोळी मधेच बंद करणारे किती?

मामा : निम्मे तरी. 'बरं वाटतंय, म्हणून सोडली.'

ताई : का? कारण काही दिसत नाही, काही दुखत नाही. न दिसणाऱ्या आजारासाठी जन्मभर गोळी घे म्हणणं अवघड आहे. स्वीडनच्या उत्तरेला वेस्टरबॉटन भागात एक प्रयोग झाला. साडेतीन हजार माणसांच्या मानेच्या धमन्यांची सोनोग्राफी केली. निम्म्यांना आणि त्यांच्या डॉक्टरांना तिचं चित्र पाठवलं: हिरवा, पिवळा, लाल रंग, आणि धमनीचं वय खऱ्या वयाच्या पुढे की मागे, ते दाखवणारा काटा. दोन-चार आठवड्यांनी नर्सचा फोन, समजलं का विचारायला. बाकी निम्म्यांना चित्र दिलं नाही. वर्षभरानं चित्र पाहिलेल्यांचा हृदयविकाराचा धोका दुसऱ्या गटापेक्षा कमी भरला. औषध तेच, सल्ला तोच. आपल्याच धमनीचा लाल रंग पाहिल्यावर माणसं तो पाळतात.

मामा : (जरा थांबून) हे मला पटतं. माझ्या अनुभवाशी जुळतं. पण मग हिरवा आलेल्याचं काय? शून्य स्कोअर आला की आमच्याकडचा माणूस पहिली गोळी बंद करील आणि वडापावची दुसरी प्लेट मागवील.

ताई : म्हणून स्कोअर फोनवर पाठवायचा नाही, समोर बसवून सांगायचा. मधुमेह असेल, माणूस सिगारेट ओढत असेल, तर शून्य आला तरी गोळी थांबवायची नाही, असं अमेरिकेच्या २०१८ च्या कोलेस्टेरॉल मार्गदर्शिकेतही आहे.

मामा : आणि वाईट स्कोअरचं तरी खरं काय? अमेरिकेतले टीव्ही पत्रकार टिम रसर्ट. १९९८ साली त्यांचा स्कोअर २१० होता. २००८ च्या एप्रिलमध्ये ट्रेडमिल चांगली आली, औषधंही सुरू होती. जूनमध्ये ५८ व्या वर्षी ऑफिसात कोसळले. दहा वर्षं आधी कळून काय झालं?

ताई : त्याच माणसाकडे बघून मी म्हणते की कॅल्शियम स्कोअरनं दहा वर्षं आधी खरं सांगितलं होतं आणि ट्रेडमिलनं दोन महिने आधी खोटा धीर दिला.

एका मृत्यूचे असे दोन अर्थ लागतात. म्हणून एकेकट्या गोष्टींवरून धोरण ठरवू नये. नटांच्या, पत्रकारांच्या, शेजाऱ्यांच्या मृत्यूवरून आपण मात्र नेमकं तेच करतो.

पॅकेजमधल्या बाकी तपासण्यांवर दोघांचं एकमत व्हायला वेळ लागला नाही. लक्षणं नसलेल्यांच्या मानेचं डॉपलर करू नये, असं अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृतिदलानं २०२१ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. त्यात चुकीचे 'पॉझिटिव्ह' फार निघतात, आणि मानेच्या शस्त्रक्रियेतच पक्षाघाताचा धोका असतो. स्वीडनच्या प्रयोगातली सोनोग्राफी वेगळी. तिचा हेतू चित्र दाखवून गोळीवर टिकवण्याचा होता, कुणाला शस्त्रक्रियेला पाठवण्याचा नव्हता. कॅल्शियम स्कोअरबद्दल त्याच कृतिदलानं २०१८ साली 'पुरावा अपुरा' असं म्हटलं होतं. बाजूनं नाही आणि विरोधातही नाही.

आणि मग मामांनी एक तपासणी स्वतःहून सुचवली. सिगारेट-बिडी ओढणाऱ्या किंवा पूर्वी ओढलेल्या, ६५ ते ७५ वयाच्या पुरुषांच्या पोटाची एकदाच सोनोग्राफी. पोटातली महाधमनी फुगली असेल तर ती फुटेपर्यंत बहुधा काही जाणवत नाही आणि फुटली की वाचणारे थोडेच. ब्रिटनमध्ये ६७,८०० पुरुषांवर चाचणी झाली, २००२ साली निकाल आला: बोलावलेल्यांत या फुग्यामुळे होणारे मृत्यू ४२ टक्क्यांनी कमी. इंग्लंडमध्ये ६५ वर्षांच्या पुरुषाला आता याचं रीतसर बोलावणं येतं. लपलेला धमनीविकार शोधण्याची ही एक पद्धत चाचणीच्या कसाला पूर्ण उतरलेली आहे. आपल्याकडच्या पॅकेजांच्या पत्रकात तिचा ठळक उल्लेख मी तरी पाहिलेला नाही. खेडोपाडी असलेल्या सोनोग्राफी यंत्रावर ती काही मिनिटांत होते.

आता मावसभाऊ.

ताई : मामा, सीटी न करता तुम्ही याला काय सांगाल?

मामा : आधी आठवडाभर घरी सकाळ-संध्याकाळ रक्तदाब मोज, बसून, पाच मिनिटं थांबून. ऑफिसातल्या एका आकड्यावर मी रक्तदाबाची गोळी देत नाही. लायपोप्रोटीन-ए ही रक्ततपासणी आयुष्यात एकदा कर. ती बरीचशी वारशानं येते आणि आपल्याकडे अनेकांत जास्त असते. भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२४ साली तसंच सांगितलंय. आणि वडिलांचं वय, १४२ चा एलडीएल बघता कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिनची गोळी सुरू कर.

ताई : विचारा त्याला, घेणार का.

मावसभाऊ म्हणाला, 'जन्मभराची गोळी नुसत्या अंदाजावर नको वाटते. खरंच काही असेल तर एक दिवस चुकवणार नाही.'

ताई : हीच ती माणसं, मामा. ज्यांचा धोका मधला आहे आणि गोळीबद्दल मन ठरत नाही. मी सगळ्यांना स्कॅन करा म्हणत नाही. पंचविशीतल्या पोराला नको, तिथे कॅल्शियम दिसायचंच नाही. मधुमेह असलेल्या साठीच्या माणसाला नको, त्याला तसंही गोळी लागणार. ज्याला झटका येऊन गेला त्याला तर मुळीच नको. जिथे उत्तरानं उपचार बदलणार, तिथेच.

मामा : मग उत्तराचं काय करायचं ते आधी ठरव. आत्ता, इथे, स्कॅनच्या आधी.

ते एका कागदावर लिहिलं गेलं. शून्य आला तर गोळी तूर्त नाही. रक्तदाब, चालणं, वजन, आणि चार-पाच वर्षांनी पुन्हा विचार. १ ते ९९ आला तर या वयात तेही जास्तच, गोळी सुरू. १०० च्या वर आला तर गोळी, आणि एलडीएल ७० च्या खाली. ॲस्पिरिन स्वतःच्या मनानं नाही. गोळी सुरू झाल्यावर दरवर्षी स्कोअर काढत बसायचं नाही, कारण स्टॅटिननं थर घट्ट होतो आणि आकडा वाढूही शकतो. सीटीत फुप्फुसावर एखादा डाग दिसला तर घाबरून जायचं नाही. आपल्याकडे जुन्या क्षयाचे डाग पुष्कळांना असतात, पण डॉक्टरला दाखवायचा मात्र. आणि आकडा कोणताही असो, तक्रार नसताना अँजिओग्राफी नाही.

४०० च्या वर आला तर? इथे एकमत झालं नाही. ताई म्हणाली, तेव्हा ताण देऊन हृदयाच्या रक्तपुरवठ्याची एक तपासणी करायला हरकत नाही. मामा म्हणाले, त्या तपासणीपासूनच अँजिओग्राफीचा आणि स्टेंटचा रस्ता सुरू होतो. कागदावर ती ओळ कोरी राहिली.

ऐकून माझं मत असं झालं. मामांचा क्रम बरोबर आहे आणि ताईची तपासणीही बरोबर आहे, पण ती त्या क्रमात तिसऱ्या-चौथ्या जागी. रक्तदाब मोजलेला नाही, साखर आणि कोलेस्टेरॉल तपासलेलं नाही, तंबाखू सुटलेली नाही, आई-वडिलांना कोणत्या वयात काय झालं ते माहीत नाही, अशा माणसानं सीटीवर पैसे घालू नयेत. कोलेस्टेरॉल तर १८ व्या वर्षी पहिल्यांदा तपासा असं आता आपलेच तज्ज्ञ सांगतात. हे सगळं करून झालं, धोका मधल्या पट्ट्यात निघाला आणि गोळीचा निर्णय होत नसेल, तर कॅल्शियम स्कोअर जरूर करावा. मात्र जे केंद्र स्कोअर काढतं त्याच्याच वरच्या मजल्यावर पुढचा निर्णय घेऊ नका. रिपोर्ट घेऊन आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडे जा. मावसभावानं पॅकेज घेतलं नाही. सध्या तो घरी रक्तदाब लिहून ठेवतो आहे.

आणि हे सगळं ज्यांना त्रास नाही त्यांच्यासाठी. छातीत दाब, जळजळ वाटावी असं दुखणं, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, दरदरून घाम, चालताना नव्यानं लागलेली धाप, यांतलं काही असेल तर स्कोअर, पॅकेज, शिबिर यांचा विचारही करू नका. १०८ ला फोन करा आणि जिथे ईसीजी निघेल अशा जवळच्या रुग्णालयात लगेच जा.